वरचं शहर, खालचं शहर

(आत्याच्या घरातली पुढची खोली. दुपारचे साडेतीन. टेबलावर उघडी वही.)

आत्या: थांब, पान उलटू नकोस. हे काय लिहिलंयस? "सात वाजता पायऱ्या भरतात." कुठल्या पायऱ्या?

भिंगरी: वरच्या शहरातल्या. नदीकडे उतरतात ना, त्या. संध्याकाळी माझ्या वयाची पोरं तिथं येऊन बसतात. शंभर तरी असतील.

आत्या: आणि करतात काय?

भिंगरी: काही नाही. बसतात.

आत्या: काही विकत घेऊन खात बसतात का?

भिंगरी: तेच तर! तिथं विकायलाच कुणी नसतं. एकजण गिटार घेऊन आला होता, तर वाजवेना. नुसता त्याला टेकून बसला. एक मुलगी दुसरीचे केस कापत होती.

आत्या: पायऱ्यांवर?

भिंगरी: पायऱ्यांवर. आणि वाईट कापत होती. दहाजण सल्ले देत होते.

आत्या: बरं. मग आपल्या खालच्या शहरातली तुझ्या वयाची मुलं संध्याकाळी कुठं बसतात?

भिंगरी: कॉफीच्या दुकानात. नाहीतर मॉलमध्ये. खुर्च्या मऊ असतात. लिहिलंय बघ, "बसायला जागा – भरपूर".

आत्या: वाचलं. दोन्हीकडे तीन-तीन दिवस दिलेस ना? मी सांगितलं तसं?

भिंगरी: अगदी तसं. रोज एखादं काम काढून बाहेर पडायचं, उगाच भटकायचं नाही. दिसलं ते आधी लिहायचं, वाटलं ते नंतर. आणि शेवटच्या दिवसापर्यंत गुण द्यायचे नाहीत.

आत्या: चौतीस वर्षं पोरांना हेच सांगत आले. "आमची गल्ली" असा निबंध दिला की सगळे लिहून आणायचे, आमची गल्ली फार सुंदर आहे. मी म्हणायचे, जा, गल्लीत किती दारं आहेत ते मोजून ये.

भिंगरी: यायची का मोजून?

आत्या: एकजण आलाच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणतो, बाई, सतरा झाली, अठराव्या दारात कुत्रीची पिल्लं होती. त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

भिंगरी: मला किती देतेस ते सांग लवकर. पाचच्या आत दोन्हीकडे फोन करायचाय. इथल्या इस्पितळाला आणि वरच्या शहरातल्या त्या लहान केंद्राला. एकीकडे हो, एकीकडे नाही.

आत्या: काम दोन्हीकडे तेच ना?

भिंगरी: तेच. ऐकू न येणाऱ्या पोरांच्या कानाचे साचे घ्यायचे, त्यात यंत्र बसवायचं. पगारातही फार डावं-उजवं नाही. म्हणून तर शहरं बघून ठरवायचं म्हटलं. आणि ठरलंय. शेवटचं पान बघ. खालचं शहर अकरा, वरचं शहर सहा. म्हणजे इथंच. तुझ्या मागच्या खोलीत.

आत्या: रंग दिलाय तिला.

भिंगरी: पाहिला. टेबलही आणलंस.

आत्या: त्याचा एक पाय लंगडा होता, खाली पुठ्ठा घातलाय. अकरा आणि सहा.

भिंगरी: हवं तर बेरीज तपासून बघ.

आत्या: बेरीज बरोबर आहे.

घड्याळवाले: बाई, आहात का? तुमचं भिंतीवरचं घड्याळ झालं. खाली दुकानात कुणी नव्हतं, म्हटलं आपणच वर नेऊन द्यावं.

आत्या: या, घड्याळवाले. ही माझ्या भावाची मुलगी.

घड्याळवाले: हो का! वरच्या शहरात नोकरीला निघालेली ती हीच? अरेरे. तिकडं पाण्याचा फार त्रास हो. आणि माणसं तुसडी. आणि संध्याकाळनंतर तर... संध्याकाळनंतर काय होतं, बाई?

आत्या: मला काय विचारता? घड्याळ ठेवा तिथं.

भिंगरी: काका, तुम्ही कधी राहिलात तिकडे?

घड्याळवाले: राहिलो म्हणजे? जन्म तिथला! उणीपुरी तेवीस वर्षं. आमच्याकडे पाणी तासभरच येतं, पण चव काय सांगू तुला...

आत्या: घड्याळवाले.

घड्याळवाले: म्हणजे त्रासच जास्त.

भिंगरी: आणि माणसं तुसडी?

घड्याळवाले: बोलायला तुसडीच. पण माझा पाय मोडला होता तेव्हा चौघांनी खुर्चीसकट उचलून तो एवढा चढ चढवला. चौघांतल्या दोघांशी माझं बोलणंसुद्धा नव्हतं. बाई, मला नाही जमत हे. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं.

भिंगरी: आत्या! तू यांना पढवून बोलावलंस?

आत्या: पढवून नाही. मुद्दे दिले होते. तीन.

घड्याळवाले: तिसराच विसरलो बघा.

आत्या: संध्याकाळनंतर सामसूम होते, असं म्हणायचं होतं.

घड्याळवाले: पण ती होत नाही ना! संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसायची.

भिंगरी: अजून नसते, काका.

घड्याळवाले: अजून? पोरंच बसतात ना? मधल्या पायरीला एक मोठी भेग होती, आम्ही तिच्यात चिठ्ठ्या खुपसून ठेवायचो.

भिंगरी: त्या भेगेत आता एक रोप उगवलंय. कुणी उपटत नाही, सगळे पाय आखडून बसतात.

घड्याळवाले: असं. रोप उगवलं.

भिंगरी: मग एवढं सगळं सोडून इकडे का आलात?

घड्याळवाले: बायको इथली. तिनं तो चढ पाहिला आणि म्हणाली, माझे गुडघे काही वाटेवर पडलेले नाहीत. आलो मग.

भिंगरी: आणि हे शहर आपलं कधी वाटायला लागलं?

घड्याळवाले: लागली की चार वर्षं. एक दिवस रस्त्यात एका माणसानं टपाल कचेरी विचारली आणि मी धडाधड पत्ता सांगून मोकळा झालो. त्या दिवशी.

आत्या: बरोबर सांगितलात?

घड्याळवाले: साफ चुकीचा. पण असा ठासून सांगितला, बाई, की मलाच वाटलं, हा माणूस जन्माचा इथला. येऊ मी? खाली गिऱ्हाईक ताटकळत असेल. आणि पोरी, पाण्याचं खरं आहे हं. मोठी बादली घे.

भिंगरी: गेले. आता बोल. चौतीस वर्षं पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगितलंस, आणि स्वतः?

आत्या: हस. पकडलंस मला, हस पोटभर. आता तुझी चोरी दाखवू?

भिंगरी: माझी कसली चोरी?

आत्या: वही इकडे घे. डावं पान, वरचं शहर. मोठ्यानं वाच.

भिंगरी: "चपला शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, तू डावा पाय घासत चालतेस. नंतर पाहिलं, खरंच." "घरमालक नंबर दोन, पहिला प्रश्न लग्न कधी. घरमालकीण नंबर तीन, लग्न कधीच करू नकोस म्हणाल्या, वर चहा दिला." "पाणी सकाळी एक तास. बादली उसनी मिळाली." "बस चुकली. चालत गेले. चढावर बेकरी आहे, बस मिळाली असती तर कळलं नसतं."

आत्या: त्याखाली काय खोडलंयस?

भिंगरी: "इथं आपलं जमणार नाही."

आत्या: आणि त्याच्या वर बारीक अक्षरात?

भिंगरी: "जमेल कदाचित." तेही खोडलंय.

आत्या: आणि समासात परत लिहिलंयस. आता उजवं पान. खालचं शहर.

भिंगरी: "बस – वेळेवर. पाणी – दिवसभर. रस्ते – सपाट. वाचनालय – चांगलं. शेजार – ओळखीचा."

आत्या: खाडाखोड दिसते का कुठं?

भिंगरी: नाही.

आत्या: एक शाई, एक बैठक. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं छापलेली असायची. काही पोरं आधी ती बघायची आणि मग वर रीत मांडायची. त्यांच्या वह्या मी लांबून ओळखायचे. फार स्वच्छ असायच्या.

भिंगरी: असं काही नाहीये, आत्या.

आत्या: वाचनालय चांगलं म्हणजे कसं? आत काय पाहिलंस?

भिंगरी: पुस्तकं. टेबलं. शांतता.

आत्या: शांतता असणारच. दुरुस्तीसाठी महिनाभर बंद आहे ते. दारावर ही एवढी पाटी लावलीये.

भिंगरी: गेलेच नाही गं मी. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसले आणि अर्ध्या तासात पान लिहून टाकलं. मग उरलेले दिवस सिनेमे पाहिले.

आत्या: कसे होते?

भिंगरी: दोन बरे होते. एकात झोपले.

आत्या: मग तेच लिहायचंस. "सिनेमा – झोप चांगली लागते." आमच्या शहराला एक तरी खरा गुण मिळाला असता. उत्तर कुणी दिलं होतं तुला? तुझ्या बापानं?

भिंगरी: बाबांनी फोन केला होता. म्हणाले, आतोबा गेल्यापासून ताई एकटी पडलीये. एकाच पातेल्यात स्वयंपाक करते आणि त्याच पातेल्यात जेवते. तू तिथं राहिलीस तर तिलाही सोबत, तुलाही घर.

आत्या: पातेल्यात जेवते कारण ताट मलाच घासावं लागतं. त्यात रडण्यासारखं काही नाही.

भिंगरी: आणि दिवसातून तीनदा फोन करून मला जेवलीस का विचारतेस, ते?

आत्या: ते... हो. ते आहे.

भिंगरी: तू कधी ओळखलंस वहीतलं?

आत्या: उघडल्या उघडल्या.

भिंगरी: मग गप्प का बसलीस? "बेरीज बरोबर आहे" म्हणालीस वर!

आत्या: कारण अकरा हा आकडा मला आवडला.

भिंगरी: आत्या!

आत्या: तोंड मिट, माशी जाईल. मला वाटलं, मुलगी स्वतःहून राहतेय, आपण कशाला तोंड उघडायचं? घड्याळवाल्यांना बोलावलं होतं ते तू डळमळलीस तर असावेत म्हणून. तर तेच पायऱ्यांवर जाऊन बसले. आणि तू त्यांना त्या रोपाचं सांगत होतीस ना, तेव्हा तुझा चेहरा पाहिला मी. पुढं गप्प बसवेना.

भिंगरी: पण तीन दिवसांत काय कळतं, आत्या? तिथं राहायला गेले आणि सगळं फसलं तर?

आत्या: थोडं फसेलच. तासभर पाणी तीन दिवस गंमत असते, तिसऱ्या महिन्यात तुझी पाठ दुखेल. पायऱ्यांवरच्या पोरांत काही टवाळ निघतील. एखाद्या रविवारी दिवसभर कुणी हाक मारणार नाही. तेव्हा काय करशील?

भिंगरी: रडेन थोडी.

आत्या: मग?

भिंगरी: मग चढावरच्या बेकरीत जाईन. तिथली बाई ओळखायला लागली असेल तोवर.

आत्या: बघ, हे तू बसथांब्यावर बसून लिहिलेलं नाहीस. आणि इथं राहिलीस तर?

भिंगरी: इथं... संध्याकाळी घरी येईन. तुझ्याबरोबर जेवेन.

आत्या: मग?

भिंगरी: मग मला काही सुचत नाहीये.

आत्या: मलाही नाही सुचलं. गेले दहा दिवस विचार करतेय.

भिंगरी: तू खरं सांग. मी गेले तर तुला वाईट वाटेल?

आत्या: वाटेल. भरपूर. चार दिवस मी कुणाशी धड बोलणार नाही, घड्याळवाल्यांना सगळं सोसावं लागेल. पण ते माझं मी बघेन. तू माझ्यासाठी राहिलीस, तर रोज संध्याकाळी मी तुझं तोंड वाचत बसेन, आज हिला इथं बरं वाटलं की नाही. चौतीस वर्षं चेहरे वाचले, आता घरात तरी सुट्टी असू दे.

भिंगरी: आणि बाबा?

आत्या: माझ्या भावाला मी सांगते. बुटाची नाडी बांधायला त्याला मीच शिकवलंय, माझ्यापुढं फार बोलत नाही तो. किती वाजले?

भिंगरी: साडेचार होतायत.

आत्या: मग आधी नाहीचा फोन कर. नाही लवकर सांगावं, त्यांनाही दुसरं माणूस शोधायचं असतं.

भिंगरी: हॅलो, कानांचा विभाग ना? मी साच्यांच्या कामासाठी मुलाखतीला आले होते... हो, तीच. मला नाही जमणार यायला. नाही, नाही, तक्रार काही नाही, सगळे चांगलेच वागले. हो. आभारी आहे. ...झालं. बिचारे गोड बोलले गं, अजूनच कानकोंडं वाटलं.

आत्या: आता दुसरा.

भिंगरी: हॅलो? मी बोलतेय, गेल्या आठवड्यात आले होते... हो. येते मी. हो, नक्की. एक तारखेला सकाळी. खोली? बघून ठेवलीये, चढाच्या वरच्या अंगाला. हो, त्याच बाईंची! लग्न करू नका असं तुम्हालाही म्हणाल्या होत्या? ...झालं, आत्या. ठरलं.

आत्या: छान. बस इथं. ती खोली कशी आहे गं?

भिंगरी: लहान आहे. भिंतीत कपाट, एक खाट, एक खिडकी.

आत्या: खिडकीतून काय दिसतं?

भिंगरी: खिडकी बंद होती. उघडून नाही पाहिली.

आत्या: मग गेल्या गेल्या उघड. आणि मला सांग.