चाराचं झाड आणि तो दुसरा माणूस

मंडळी, एक सांगा — चोरी एकट्यानं केली तर पाप. आणि अख्ख्या गावानं मिळून केली तर? बोला ना.

हनुमंताची जयंती, म्हणून कीर्तनात लंकादहन सांगायला आलो होतो. पण येताना टेकाडावरचं चाराचं झाड पाहिलं आणि लंका विसरलो. आज तुमचंच आख्यान ऐका.

ही पुढं बसली आहे ती कौतिकाबाई कुमरे. एकटा जीव. ज्याच्या बीतून चारोळी निघते ते झाड तिनं बोटाएवढं होतं तेव्हापासून राखलं. दर शिमग्याला बुडाभोवतीचा पाला झाडायची — वणवा लागू नये म्हणून. वीस वर्षं! तिचं वर्षाचं तेल-मीठ त्यावरच. तुम्ही बापाच्या खाटेखाली तरी कधी झाडू मारला का? हसू नका.

गावाची रीत काय? अखजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, पूजा झाल्याशिवाय चाराला हात लावायचा नाही. तोवर बी भरत नाही. आजे-पणजे अडाणी नव्हते, बाप्पा.

अखजीला तीन आठवडे बाकी, आणि आपला दसरू कुऱ्हाड घेऊन चढला. फळं वेचायला आठ दिवस लागतात, फांदी पाडायला घटकाभर. बाई धावत आली.

"काऊन तोडतोस रे?"

"काकी, मी नाही तोडलं त दुसरा तोडंल."

"कोण दुसरा? नाव सांग."

"पांडरू."

बाई पांडरूच्या दारी गेली. तो कुऱ्हाड पाजवत होता. म्हणे, "झिंगरू जायच्या आधी जातो." झिंगरूनं तिसऱ्याचं नाव घेतलं. बाई दारोदार फिरते आहे, आणि हे एकेक करून झाडाकडं पळताहेत! दुपारपर्यंत नुसतं खोड उरलं.

मिळालं काय? आंगणातल्या बिया फोडून बघा — आत पाणी. व्यापाऱ्यानं पायानं लोटल्या. शाबास!

मला राग आला आहे, लपवत नाही. बाईला तो दुसरा सापडला नाही. मला सापडला. या मांडवात दोनशे बसलेत, झाडून सगळे "दुसरे"!

आता आरती होईल, मग शिरा. त्यात चारोळी आहे. गेल्या सालची, त्याच झाडाची. बाईनं डब्यातली शेवटची मूठ काल देवाला आणून दिली. प्रसाद नाकारायचा नसतो, खा. फक्त आज वाटणार तीच. एकेकानं पुढं यायचं आणि तिच्यासमोर हात पसरायचा.