पाणी चढवणारा संतराम

(जवळा बाजारजवळच्या एका गावातलं घर. मागच्या अंगणात नवा, कमोडचा संडास. पाइपाची चर अजून उघडीच.)

संतराम : अजून एक बादली वत. दमानं नको, एकदम.

चतुराबाई : वतली. परत आली.

संतराम : परत कशी येईल?

चतुराबाई : पायाखाली बघा. चप्पल भिजून राहिली तुमची.

संतराम : पाइपात हवा धरली आसंल. हिरीच्या लाइनीत धरती तशी.

चतुराबाई : हवा न्हाई, कोमलचे बाबा. संडास खाली हाये आन शोषखड्डा वर हाये. पाणी वर जाईल काहून?

संतराम : आपल्या हिरीचं पाणी टेकडीवरल्या हळदीला जातं का न्हाई? कोणी नेलं? म्या नेलं. अर्ध्या गावाच्या लाइनी म्या टाकल्या. चढ हाये म्हणून कोणाचं पाणी अडलं न्हाई आजवर.

चतुराबाई : तिथं मोटार हाये.

संतराम : हां.

चतुराबाई : मग हितंबी बसवा. मी आत बसले की तुमी बाहेर बटन दाबा.

संतराम : आन लाइट गेली तर?

चतुराबाई : तर बसून राहीन. दुसरं काय करू?

संतराम : थांब, मला जरा टेकू दे. काल सोनाजी चर बघून म्हणला, उतार उलटा दिसून राहिला. मी काय म्हणलो त्याला?

चतुराबाई : म्हणले, तू तुझ्या शेळ्या बघ.

संतराम : तेबी मिशीवर हात फिरवून. पाइपलाइनीचा डॉक्टर म्हणतं गाव मला. आज डॉक्टरबी मीच आन रोगबी मीच.

चतुराबाई : हसू येऊन राहिलं मला, पण परवा कोमल सासरी चालली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापून पोरीच्या खांद्याला धरून शेतात बसायला जाते मी. खाली बसू नका म्हणले हिंगोलीचे डॉक्टर. परवापून कोणाला धरू? भ्याव वाटतं मला.

संतराम : मला धर.

चतुराबाई : बायाच्या वाटंनं तुमी येता? समद्या बाया उठून पळतील.

संतराम : व्हय, तेबी हाये. मग खड्डा घ्यावा कुठं? उताराला जागाच न्हाई.

चतुराबाई : हाये. जलमभर ह्या अंगणात भांड्याचं पाणी फेकलं म्या. ते कुठं जातं, बराबर ठावं हाये मला. भिंतीच्या कडंनं म्होरं जातं, फाटकापाशी.

संतराम : फाटकापाशी तर माझी बाज हाये.

चतुराबाई : तिच्याच खाली जातं.

संतराम : आन चर खंदताना तू चूप राहिलीस?

चतुराबाई : बाजेवर बसून चारचौघात तुमीच सांगितलं, म्होरं खड्डा होणार न्हाई म्हणून. मंग मी काय बोलू?

संतराम : खरं हाये. लोक पाइपाचं इचारायला येतात, आन दारातच संडासाचा खड्डा? लाज वाटली मला. वाटलं, संतरामचा पाइप म्हणल्यावर पाणी मुकाट चढंल.

चतुराबाई : न्हाई चढलं.

संतराम : पाणी मलाबी न्हाई भ्यालं. कुदळ दे इकडं.

चतुराबाई : आता चहाच्या टायमाला लोक येतील.

संतराम : येऊ दे, खंदायला हात लागतीलच. सोनाजीलाबी हाक मार.

चतुराबाई : काय सांगू त्याला?

संतराम : सांग, डॉक्टरला उतार दाखवायला ये.

चतुराबाई : आन बाज?

संतराम : बाज हितं मागं टाकू, चढावर. हितं पाणी येत न्हाई, हे माझ्याइतकं पक्कं कोणाला ठावं हाये?

चतुराबाई : संडासाच्या दारापून जरा लांब टाका. मला लाज वाटंल.

संतराम : लांबच टाकतो. तू हाक मारली तर ऐकू येईल, एवढीच लांब.