आमच्या ह्यांचं बटण

सॉफ्टवेअर म्हणे! नाही, तुम्ही समोर बसलाच आहात तर तुम्हीच सांगा... तीस वर्षं संसार केला, नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला एक दिवस कळलं नाही, आणि आमचे जावईबापू दवाखान्याच्या बाकावर बसून दोन मिनिटांत मला समजावतात, "आई, अजिबात घाबरू नका. मेंदू म्हणजे सॉफ्टवेअरच असतं हो. बाबांचं जरा क्रॅश झालंय, रीस्टार्ट होईल." रीस्टार्ट! अहो, माणूस आहे की मिक्सर?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. आमचं शिलाईचं दुकान आहे. हे कापतात, मी शिवते. ह्यांची कात्री खिळ्याला टांगलेली असते आणि तिला हात लावायची मला परवानगी नाही. नुसती जवळून गेले तरी, "अगं! अगं! लांबून!" माझं नाव तुम्हाला सांगत नाही, कारण ह्यांनी ते कधी वापरलंच नाही. तीस वर्षं नुसतं 'अगं'. दुकानात चार बायका मापं द्यायला बसलेल्या असायच्या, ह्यांनी आतून 'अगं' म्हटलं की चौघीही वळायच्या!

तर एका मंगळवारी सकाळी हे कापडावर खडूने रेघ मारत होते. रेघ सरळ जाता जाता कापड सोडून टेबलावर आली, टेबल सोडून... खडू खाली पडला. तोंड एका बाजूला जरासं वाकडं. धावलो, वेळेवर पोचलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पाय वाचले, उजवा हात जरा ढिला पडला. गेले ते शब्द. सगळे नाही हं, एक राहिला. कुठला म्हणाल? बटण.

पाणी हवं, "बटण." उशी हवी, "बटण." डॉक्टरांना हात जोडून नमस्कार, "बटण!" एकदा वर पंख्याकडे बघून "बटण" म्हणाले, तर मी आनंदाने उठून सगळ्या वॉर्डाला सांगत सुटले की अहो, बरे झाले! नंतर कळलं, ह्यांना चादर हवी होती.

हसा, हसा, मीही हसले. पण चुकीचा शब्द येतोय हे ह्यांना कळायचं हो! कपाळावर हात मारून घ्यायचे, डोळे भरून यायचे. डॉक्टर म्हणाले, "खोटी आशा देत नाही. किती परत येईल सांगता येणार नाही. बोलत राहा, कामाजवळ ठेवा." कामाजवळ कसलं ठेवता! दुकानात यायचे, पण स्टुलावर बसायचे ते कापायच्या टेबलाकडे पाठ करून. तीन महिने ती पाठ बघितली मी. लेक हळूच म्हणाली, "आई, दुकान भाड्याने देऊन टाक. बाबा आता त्या टेबलापाशी उभे राहायचे नाहीत." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं.

इकडे जावईबापू रोज संध्याकाळी टॅब घेऊन हजर. टॅबवर घड्याळाचं चित्र. खाली एक अस्वल. अस्वल विचारतं, "हे काय आहे बरं?" हे म्हणतात, "बटण." की लगेच पडदा लाल, टँऽऽऽ असा आवाज, आणि अस्वल म्हणतं, "अरेरे! पुन्हा प्रयत्न करू या!" ज्या माणसाने न्यायाधीशांचे कोट शिवले त्याला अस्वल अरेरे म्हणतं! आठव्या दिवशी ह्यांनी टॅब उचलला आणि अस्वलाला पालथं घातलं. जावईबापू म्हणाले, "हरकत नाही आई, डेटा उडालाय, तो परत भरावा लागेल." मी म्हटलं, "भरा हो बापू, पोती किती आणू?"

सॉफ्टवेअर म्हणे!

आणि अशात एक दिवस दारात जादूगार. ह्यांच्याकडे आजाराआधी नव्या कोटासाठी गडद लाल मखमल देऊन गेलेला. "बाई, शनिवारी खेळ आहे हो! जुन्या कोटाच्या बाहीतून कबुतर दिसतं! पोरं ओरडतात, 'ते बघा शेपूट!' माझी काही इज्जत आहे की नाही?" आता कबुतराचं शेपूट दिसतं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मी म्हटलं, देते. मापं वहीत होती. मखमल पसरली, खिळ्यावरची कात्री काढली, जशी चोरीच करतेय. हे पाठ करून बसलेले.

पुढचे दोन भाग कापले, पाठ कापली, एक बाही कापली. दुसऱ्या बाहीला कापड पुरेना! मग मी डोकं चालवलं. बाहीच्या मापाचा कागद उलटा फिरवला, वरची बाजू खाली, आणि अहो, अगदी चपखल बसला. म्हटलं, बघा, एवढी वर्षं उगीच घाबरत होते. कात्री उघडली.

आता तुम्हाला सांगते, मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. कोटाचा एक जरी तुकडा उलटा लागला तर उजेडात एक बाही लाल आणि एक काळपट, जणू दोन माणसांच्या दोन कोटांतून कापलेल्या. कापणाऱ्याला हे झोपेतही कळतं. मी शिवणारी!

कात्रीचं पहिलं करकर झालं आणि स्टूल सरकलं. हे उठले. आले. डावा तळवा मखमलीवर ठेवला, एकदा पुढे फिरवला, एकदा मागे. तोंड उघडलं, मिटलं. मी मनात म्हटलं, आता 'बटण' म्हणणार. पण हे ओरडले...

"लव उलटी! बाही फिरव, बटण!"

पाच शब्द! त्यातले चार बरोबर! मी कात्री हातात धरून मोठ्याने रडायलाच लागले, आणि ह्यांना वाटलं, कापडासाठी रडतेय. कागद स्वतः फिरवून, कमी पडलेल्या कापडाला जोड कुठे द्यायचा ते बोटाने दाखवलं, काखेत, जिथे दिसणार नाही.

जावईबापूंना फोन केला तर ते ओरडलेच, "आई! म्हणजे बॅकअप होता!" मी म्हटलं, "बापू, 'लव' हा शब्द तुमच्या अस्वलाकडे होता का? नव्हता. तो ह्यांच्या तळहातात होता. हमरस्ता खणून ठेवला तरी माणूस गल्लीबोळातून घरी येतोच. आणि मला सांगा, कॉम्प्युटरमधलं काही पुसलं तर तो कपाळावर हात मारून घेतो का? बायकोची चूक दिसल्यावर गप्प बसवत नाही म्हणून चालू होतो का?" मग म्हणाले, "आई, खरं सांगू? मलाही काही माहीत नव्हतं. तुम्ही त्या बाकावर अशा बसला होतात... मला जे येतं, तेच बोललो." आता अशा जावयावर रागावायचं तरी कसं?

कोट शनिवारी गेला. कबुतर कुणाला दिसलं नाही. अस्वल घरी परत गेलं. आता एकेक वस्तू ह्यांच्या हातात द्यायची, कधी तिसऱ्या दिवशी, कधी तिसाव्या दिवशी शब्द येतो. खडू आला, टेप आला, अस्तर आलं. पाणी अजून अडतं. पण तक्रारी? धो धो! "रेघ वाकडी." "टाका सैल." "कात्री पुस." कापते मी, आणि हे टेबलाकडे तोंड करून बसतात नि चुका काढतात.

जावईबापूंना 'जावईबापू' म्हणतात, लेकीला तिच्या नावाने. राहिले कोण? मीच. "बटण, सुई दे." जावईबापू म्हणतात, "आई, हा एवढा एक बग राहिलाय, सरावाने जाईल." काल मी ह्यांच्यासमोर उभीच राहिले, म्हटलं, माझं नाव सांगा. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं हो! स्पष्ट, अख्खं नाव, तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि लगेच मिशीत हसून, "बटण, दिवा लाव."

म्हणजे सगळं ठाऊक आहे! मी जावईबापूंना कळवलं, तो बग राहू द्या. काय करणार... 'अगं' म्हटलं की चौघी वळायच्या. 'बटण' म्हटलं की मी एकटीच वळते.