टाचेचं रक्त बाळाचं, रिपोर्ट माझा

हॅलो?… हो ताई, मीच… आला, आला रिपोर्ट. आत्ताच दवाखान्यातून घरी पोचले, अजून चपलाही काढल्या नाहीत…

बाळ ठीक आहे… अगं, ठीक आहे म्हणते ना! ठणठणीत… नाही, काही लपवत नाहीये, तुझी शपथ… आईला करते फोन, आधी तुला सांगू दे.

रड, रड. रडून घे आधी… मी पण टॅक्सीत रडले. त्या ड्रायव्हरला वाटलं मला गाडी लागली, त्याने चारही काचा खाली केल्या.

हं. आता ऐक… बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं होतं ना, कागदावर ठिपके काढले होते… हो, तेच. त्यात कार्निटिन कमी आलं म्हणून आपण हातपाय गाळून बसलो होतो. तर डॉक्टरीणबाईंनी परत रक्त घेतलं तेव्हा माझंही घेतलं. मी म्हटलं, माझं कशाला?… तर पोरीचं वरच्या दुधावर मस्त वाढत चाललंय. आणि माझं… माझं जवळजवळ नाहीच!

हो. माझ्यात दोष आहे, तिच्यात नाही… अगं, पोटात असताना तिला ते माझ्याकडूनच मिळायचं ना. माझ्याकडेच खडखडाट, तर तिला कुठून मिळणार?

कशाला लागतं म्हणजे… थांब, तुझ्या पोस्टाच्या भाषेत सांगते. समज, टपालाच्या पिशव्या भरून पडल्यात, पण घरोघर नेऊन द्यायला माणूसच नाही. तसं. अंगात चरबी आहे, पण ती पेशीतल्या भट्टीत नेऊन जाळायला हे कार्निटिन लागतं. ते नसलं की माणूस दमतो. त्यात हृदय म्हणे जास्त करून चरबीवरच चालतं… नाही, शरीर स्वतः बनवतं की. दूध-मटणातूनही मिळतं. पण माझी किडनी ते धरूनच ठेवत नाही, लघवीवाटे सगळं घालवते… जन्मापासून. आईच्या पोटातून घेऊन आलेय.

कळतंय का तुला, मी काय म्हणतेय? मी आळशी नव्हते, ताई! आळशी नव्हते!… हसू नकोस. शाळेच्या सहलीत सगळ्यांच्या मागे कोण? मी. भांडी घासताना स्टूल कोणाला लागायचं? मला. आणि आई काय म्हणायची? सोंगं करते!… दुकानात पडद्याचे तागे काढताना मी सारखी बसायचे, तर मालक म्हणायचा, बाई, खुर्ची घरी घेऊन जा… हो ना! मी तर डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला शिक्का मारून लिहून द्या, फ्रेम करून आईच्या टीव्हीवर लावते.

औषध आहे गं, पातळ औषध. रोज तीनदा, आणि बहुतेक जन्मभर. उपाशी राहायचं नाही… हृदयाचा फोटोही काढला. जरासं सैल पडलंय म्हणाल्या… हो, घाबरले. पण वेळेवर सापडलं, औषधाने बहुतेक सुधारेल, असं त्याच म्हणाल्या… एकच पंचाईत, अंगाला माशासारखा वास येऊ शकतो. नवरा म्हणतो, चालेल, फार तर मांजरं मागे लागतील.

अगं ऐक ना… ऐक! मुद्द्याचं राहिलंच. त्यांनी विचारलं, सख्खं भावंड आहे का? मी म्हटलं, आहे, मोठी बहीण. तर तुलाही हे असण्याची शक्यता चारात एक आहे… ‘मला काय धाड भरलीये’ म्हणू नकोस. मला तरी कुठे माहीत होतं?… साधं रक्त द्यायचं, बाई…

काय? कुठल्या डब्यावर?… भाऊजींच्या जिमच्या पावडरवर? तेच नाव?… नाही! तोंडात घालू नकोस ते! आधी रक्त, मग काय ते. आधीच घेतलंस तर रिपोर्टमध्ये काय कळणार?… आणि भाऊजींना म्हणावं, ज्याच्या अंगात पुरेसं आहे त्याला वरून ओतून काही विशेष होत नाही. मी विचारलं ना… मग खाऊ दे, त्यांचा डबा, त्यांचं पोट.

तू जेवलीस का?… का नाही?… रात्रीचं जेवण सोडलंयस? वजनासाठी?… आजपासून बंद ते. आत्ता ऊठ आणि काहीतरी खा…

ताई?… ए, उठलीस का?

…

काय म्हणालीस? हळू बोलू नकोस, ऐकू येत नाहीये… कधीपासून?… टपाल वाटताना दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाववायचं? पुढे धडधडायचं? मग?… मग काय करायचीस?… जिन्यात बसून पाकिटांवरचे पत्ते वाचल्यासारखं करायचीस?

थांब. म्हणजे तुला काउंटरवर बसवलं ते… आपण केक कापला गं! बढती म्हणून!… तू मागून घेतलंस? साहेबांकडे जाऊन?… आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?

…

मला काय काय ऐकावं लागायचं ते बघितलं होतंस म्हणून?… अगं वेडे… अगं वेडे, तू दमलीस म्हणाली असतीस तर मला किती बरं वाटलं असतं. मला वाटायचं, घरात मीच एक नासकी…

नाही, रागावले नाही. रडत पण नाहीये… बरं, रडतेय. आत्ता धडधडतंय का?… छातीत दुखतंय?… नक्की? खोटं बोलू नकोस हं, आता नाही… आणि पुन्हा तसं झालं, चक्कर आली, तर माझ्यासाठी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. कळलं?

घाबरू नकोस. नसेलही. दुसरंच काही निघेल, किंवा काहीच नाही. पण असलं ना, तर औषध आहे. नाव आहे, औषध आहे, आणि मी आहे… दोघींना मिळून माशाचा वास येईल, आणखी काय… हसलीस! हसलीस ना?

उद्या सकाळी ये, तुझं रक्त द्यायला दवाखान्यात जाऊ. रजा टाक… टाक म्हणजे टाक. भाऊजींनाही खरं सांग, आजच… आधी दूध आणि पाव खा. नाही, फोन ठेवल्यावर नाही, आत्ता, माझ्यासमोर… हं… हं, ऐकू येतंय. चाव नीट.

आणि उद्या वर चढून येऊ नकोस. खालून हाक मार, मी बाळाला घेऊन उतरते… परत येताना? तेव्हा चढू की दोघी. प्रत्येक मजल्यावर बसत बसत. लपवायचं कोणापासून आता?

उठली बघ ती… ठेवते, ताई. ये.