नुसत्या ओठांची तालीम

हसा, पण आधी ऐका. त्या दुष्काळाच्या साली गावात लग्नंच निघाली नाहीत, म्हणून बँडवाले रहीमचाचा रिकामेच होते. म्हटलं, ट्रम्पेट शिकून घेऊ. पण चाचा ट्रम्पेटला हात लावू देईनात. म्हणाले, "आधी नुसते ओठ. गाल फुगवू नका. ओठ घट्ट मिटा अन् मधून हवा सोडा. भुंगा गुणगुणल्यावानी आवाज आला पायजे."

माझ्या ओठांतून निघायचं नुसतं फुस्स. मग मी चालता-बसता तेच करायला लागलो. बायको म्हणायची, "म्हशीवानी काय फुसफुसताव?"

तेवढ्यात दूध सोसायटीची सभा आली. चेअरमन उठून म्हणाले, "येत्या सोमवारी चारा छावणी सुरू म्हंजे सुरू!" उन्हाळाभर आम्ही हेच ऐकत होतो. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागं बसलेलो. सवयीनं ओठ मिटले, हवा सोडली, आणि भर्रर्र असा आवाज निघाला की सभा चिडीचूप!

चेअरमन लालबुंद. "कोण हाय बे ते?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. तेवढ्यात चाचाच आनंदानं उठले. "सायेब, आमचा शागिर्द हाय! आज पैल्यांदा आवाज लई साफ निघाला!"

सभा हसून लोळायला लागली. चेअरमन घाम पुसत खाली बसले.

सोमवारी छावणी खरंच सुरू झाली. जनावरं छावणीत सोडताना बायको म्हणाली, "समदे माना हलवत बसले. तुमी तेवढं तोंड वाजवलं."