सतरा नंबरच्या कॅटमरानचे वल्हे

नाव ओळखपत्रावर आहे तेच. बंदरावर मला शिवणवाल्या वहिनी म्हणतात. वय एक्केचाळीस वर्षे. धंदा: गाड्यांची सीटकव्हरे शिवणे. राहणार: दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिना मागच्या बाजूने.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी व माझी नणंद (वय एकतीस, लिफ्ट दुरुस्त करते) पाच दिवसांच्या शिडाच्या शर्यतीत सतरा नंबरची कॅटमरान चालवत होतो. कॅटमरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी जोडून मध्ये जाळी ताणलेली. आपण त्या जाळीवर बसायचे आणि भिजायचे. शर्यतीचा एक नियम इथे सांगणे भाग आहे. वाटेत काहीही मोडले तरी कोणाच्या हातून काही घ्यायचे नाही. घेतले की बाद.

गेल्या वर्षी चौथ्या दिवशी एका मच्छीमाराने आमच्याकडे दोर फेकला आणि तो मी सवयीने झेलला. आम्ही बाद झालो. नणंद "असू दे वहिनी" म्हणाली आणि त्यानंतर वर्षभर तिने तो विषय काढला नाही. ती भांडली असती तर मला बरे वाटले असते.

यंदा सोमवारी सकाळी सातला सुटलो. मंगळवारी साडेअकराला मोठे शीड मधोमध फाटले. ते उतरवून मी जाळीवर पालथी पडले आणि सीटकव्हरच्या दोऱ्याने शिवले. होडी लहान शिडावर पळतच होती. मी पाण्यात जाऊ नये म्हणून नणंद माझ्या पायांवर बसून सुकाणू धरून होती. बुधवारी दोराची कप्पी फुटली. नणंदेने आपल्या कंबरपट्ट्याची कडी काढून तिथे बांधली आणि उरलेला दिवस एका हाताने चड्डी सावरत काढला. हे लिहायची गरज नाही असे अंमलदार म्हणाले. मी म्हटले, लिहा.

गुरुवारी दुपारी पाण्याखालच्या खडकाला लागून आमच्या दोन सुकाणूंपैकी डावे मुळापासून मोडले. आता होडी एकाच अंगाला वळू लागली. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही कशाबशा एका वाळूच्या पट्टीला लागलो. तिथे एक उपडी होडी होती व तिच्याखाली दोन वल्ही. दोनशे पावलांवर घर होते. आत रेडिओ चालू होता, म्हणजे माणूस घरात आहे हे मला माहीत होते. मी ते लपवत नाही.

नणंद म्हणाली, "मी विचारून येते."

मी म्हटले, "विचारायचं नाही. तो हो म्हणाला तर?"

"तर मिळेल की."

"मिळालं की बाद."

तिने पिशवीतून करवत काढली. वल्ह्याचा दांडा दीड हात कापून पाते सुकाणूच्या जागी बोल्टने आवळले. वीस मिनिटांत काम झाले. मी दगडाखाली चिठ्ठी ठेवली: "वल्हे नेले आहे. शर्यत संपली की आणून देऊ. कॅटमरान नंबर सतरा." आपल्या नोकरीत चोराने पत्ता ठेवून जायची ही पहिलीच वेळ, असे अंमलदारांचे म्हणणे पडले.

शुक्रवारी पोहोचायची मुदत दुपारी बाराची होती. साडेदहापर्यंत वाऱ्याचा पत्ता नव्हता. मग तो असा सुटला की आमची एक बाजू पाण्याबाहेर उचलली गेली. आम्ही दोघी काठाबाहेर लटकलो. वल्हे थरथरत होते, पण टिकले. मी सारखी ओरडत होते. काय ते आठवत नाही; नणंद म्हणते, शिव्या होत्या. अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी आम्ही रेषा ओलांडली. धक्क्यावर हवालदार उभे होते. ते अभिनंदनाला आलेत असे वाटून नणंदेने त्यांना मिठी मारली. त्यांचा गणवेश त्यामुळे भिजला.

ठाण्यात वल्ह्याचे मालक आजोबा कापलेला दांडा मांडीवर घेऊन बसले होते. वल्हे त्यांनी स्वतः तासलेले, म्हणून ते फार चिडले होते. मी घडले ते सगळे सांगितले. शीड कुठल्या टाक्याने शिवले ते त्यांनी विचारले. मी माझ्या ओढणीच्या टोकावर घालून दाखवला. त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला आणि अंमलदारांना म्हणाले, "लिहा हो, मीच दिलं म्हणून. मिटवून टाका."

अंमलदारांनी लिहायला घेतले. बाकावर बसलेल्या शर्यतीच्या पंचबाईंनीही आपली वही उघडली. "दिलं" असे त्यात उतरले की आम्ही पुन्हा बाद.

मी सांगितले की, आजोबांनी काहीही दिलेले नाही. मी विचारलेसुद्धा नाही. मी चोरले.

अंमलदार म्हणाले, "बाई, सुटताय तर सुटा की. गुन्हा दाखल होईल."

मी पंचबाईंना विचारले की चोरीबद्दल नियम काय. त्यांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले. "काहीच नाही," त्या म्हणाल्या. "एवढं कोणाला सुचलंच नव्हतं."

हे ऐकल्यावर आजोबा ताठ बसले. "मग माझी तक्रार कायम. कडक लिहा. मी यांना कधी पाहिलेलंही नाही."

नणंद उठून टेबलापाशी आली. "साहेब, करवत माझी होती. सगळं काय वहिनीच्याच नावावर घालताय?" ती हसत होती आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटे दुखली. मला याहून जास्त आनंद कधी झाला असेल तर तो आठवत नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "मालकाच्या संमतीने" असे आधी लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याबरहुकूम आहे. मी चोरी केली आणि मी शर्यत पूर्ण केली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खाली माझी सही, आणि ती ऐकतच नाही म्हणून नणंदेचीही.