दोघंही हजर

वहिनी : चहा निवतोय. दोघांपैकी कुणीतरी बोला. नाहीतर मी आपली भिंतीवरच्या त्या अक्षरांच्या तक्त्याशीच गप्पा मारते.

वकील : मी कधीचा विचारतोय याला. काच घासायचं यंत्र बंद, गिऱ्हाइकाचा चष्मा अर्धवट, आणि हा पडद्यामागे हाताची घडी घालून बसलाय. पाहुण्या, झालंय तरी काय?

पाहुणा : त्या... कारागिरीच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या. चष्मा न्यायला. तू बाहेर गेला होतास.

वकील : मग? दांडी सैल झाली का पुन्हा?

पाहुणा : नाही. म्हणाल्या, तुम्ही शिकवायला आला असतात तर... मुलांचं भाग्य होतं. पण तुमचा नकार कळला.

वहिनी : कसला नकार?

वकील : अगं, त्यांना भिंगाचं काम शिकवणारा माणूस हवा होता. मागच्या महिन्यात विचारून गेल्या. मी म्हटलं, याचे हात बोलतात, जीभ नाही. वर्गासमोर उभं राहणं याला झेपायचं नाही. त्यांनी दुसऱ्याला घेतलं. विषय संपला.

वहिनी : आणि भावोजींना कधी विचारलंत?

वकील : याला काय विचारायचं? शाळेपासून ओळखतो मी याला. याच्या मनात शब्द उगवायच्या आधी मला त्याची सावली दिसते.

पाहुणा : मला त्या बाईंना...

वकील : ...भेटायचंच नव्हतं. तेच तर सांगतोय.

वहिनी : अहो, पुरं करू द्या त्यांना.

पाहुणा : ...विचारायचं होतं, मुलं केवढी असतात.

वकील : एवढंच? अरे, मी तुझं वाईट चिंतीन का? आठव तुझा शाळेतला पहिला दिवस. हजेरीला उभा राहिलास आणि ‘हजर’ घशातच रुतलं. अख्खा वर्ग खिदळत होता. मी शेजारून ओरडलो, ‘सर, दोघंही हजर!’ हसण्याची दिशाच बदलली. त्या दिवसापासून तुझ्या वतीने बोलणारा मी वकील आणि गप्प बसणारा तू पाहुणा.

पाहुणा : आठवतं. घरी जाऊन आईला सांगितलं, मला मित्र मिळाला. ते वाक्य... अडखळलं नव्हतं.

वकील : मग?

पाहुणा : मग मी सराव केला. रोज. न्हाणीघरात, नळ सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. एका सकाळी जमलं. शाळेत मास्तरांनी माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. शब्द जिभेवर आला होता...

वहिनी : आणि?

पाहुणा : वकिलाने हजेरी देऊन टाकली होती.

वकील : मला काय ठाऊक! तेव्हाच बोलायचंस की.

वहिनी : कुठे बोलणार? तुम्ही जागा ठेवलीत कधी?

वकील : तू थांब गं. पाहुण्या, खरं सांग. का नाही बोललास?

पाहुणा : तू माझ्याकडे वळून हसलास. इतका... इतका उजळला होतास. ते विझवायचा धीर झाला नाही. नंतर सवय झाली. तुलाही, मलाही.

वकील : उद्याच जातो मी त्या शाळेत. बाईंना समजावून सांगतो की चूक माझी, माझ्या मित्राची खरी इच्छा अशी आहे...

वहिनी : म्हणजे परत तुम्हीच सांगणार?

वकील : मग करू तरी काय मी? पाहुण्या, तूच सांग. मी थांबतो, हवा तेवढा वेळ घे... डबा कशाला उचललास? चहा तसाच आहे तुझा. अरे, उद्या येशील ना?

(पाहुणा दुकानातला पडदा सारून बाहेर पडतो. दाराची घंटा किणकिणते, मग थांबते.)

वकील : येईल. रागावलेला नाही तो. त्याला एवढंच म्हणायचंय की...

वहिनी : अहो. ते काहीच म्हणालेले नाहीत.